गाय गिब्सन

विंग कमांडर गाय पेनरोझ गिब्सन (१२ ऑगस्ट, १९१८:सिमला, ब्रिटिश भारत - १९ सप्टेंबर, १९४४:स्टीनबर्गन, नेदरलँड्स) हे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनच्या शाही हवाई दलाचे बॉम्बफेकी वैमानिक होते. १६-१७ मे, १९४३ च्या रात्री जर्मनीतील धरणांवर झालेल्या हल्ल्यात ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व त्यांनी केले. त्या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. हल्ल्यानंतर सोळा महिन्यांनी, वयाच्या २६ व्या वर्षी, जर्मनीवरील एका मोहिमेवरून परतताना त्यांचे विमान नेदरलँड्समध्ये कोसळले. त्यात ते आणि त्यांचे नॅव्हिगेटर स्क्वाड्रन लीडर जेम्स वॉरविक दोघेही मृत्युमुखी पडले.

व्हिक्टोरिया क्रॉसशिवाय डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर आणि डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे सन्मान त्यांना प्रत्येकी दोनदा मिळाले होते. त्यांच्या नावावर १७० हून अधिक युद्धमोहिमा आहेत. बॉम्बफेकी विमानातील माणसाला साधारणतः तीस मोहिमा पूर्ण झाल्यावर विश्रांती दिली जाई आणि तेवढ्या मोहिमाही अनेकांच्या हातून पुऱ्या होत नसत. हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

जन्म व बालपण

गिब्सन यांचे वडील अलेक्झांडर जेम्स गिब्सन हे हिंदुस्थानातील शाही वनसेवेत अधिकारी होते. आई लिओनोरा इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यातील पोर्थलेव्हन या गावची होती. गाय हे तीन भावंडांतील धाकटे. ते सहा वर्षांचे असताना आईवडील विभक्त झाले आणि आई मुलांना घेऊन इंग्लंडला परतली. त्यानंतरचे त्यांचे बालपण प्रामुख्याने निवासी शाळांत आणि सुट्यांमध्ये नातलगांकडे गेले. वडिलांशी संबंध तुटकच राहिला. आई पुढे मद्याच्या आहारी गेली आणि डिसेंबर १९३९ मध्ये भाजल्यामुळे तिचा अपघाती मृत्यू झाला. घर असे फारसे न लाभलेल्या या मुलाला पोर्थलेव्हनने मात्र आपले मानले.

ऑक्सफर्डच्या सेंट एडवर्ड्स स्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. पुढे वैमानिक म्हणून गाजलेले डग्लस बाडर हे त्याच शाळेचे आधीचे विद्यार्थी होत. गिब्सन अभ्यासात वा खेळात विशेष चमकले नाहीत. विमाने चालवायची हे मात्र त्यांनी शाळेतच ठरवले होते. हवाई दलाने पहिल्या खेपेस त्यांना उंची, विशेषतः पायांची लांबी, कमी पडते म्हणून नाकारले. दुसऱ्या प्रयत्नात त्यांची निवड झाली आणि नोव्हेंबर १९३६ मध्ये अल्प मुदतीच्या नेमणुकीवर ते दलात दाखल झाले. मुदत संपल्यावर नागरी चाचणी-वैमानिक व्हावे असा त्यांचा बेत होता. युद्ध सुरू झाल्याने तो मागे पडला.

युद्धाची पहिली वर्षे

प्रशिक्षणानंतर गिब्सन यांची नेमणूक ८३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये झाली. तेथे ते हॅम्पडेन जातीचे दोन इंजिनांचे बॉम्बफेकी विमान चालवीत. ब्रिटनने युद्ध पुकारले त्याच दिवशी, ३ सप्टेंबर, १९३९ रोजी, जर्मन युद्धनौकांच्या शोधात लिंकनशायरमधील स्कॅम्प्टन तळावरून निघालेल्या विमानांत त्यांचे विमान होते. खराब हवेमुळे ती तुकडी काहीही न साधता परतली. १९४० च्या उन्हाळ्यात बंदरे, कालवे व जहाजे यांवर त्यांनी अनेक मोहिमा केल्या आणि जुलैमध्ये त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस देण्यात आला.

पहिला मोहीम-कालखंड संपला की वैमानिकास प्रशिक्षकाचे काम देण्याचा प्रघात होता. गिब्सन यांनी त्याऐवजी लढाऊ विमानांकडे बदली मागून घेतली. नोव्हेंबर १९४० ते डिसेंबर १९४१ या काळात २९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये त्यांनी ब्यूफायटर या रडारयुक्त विमानातून रात्रीच्या ९९ फेऱ्या केल्या आणि शत्रूची काही विमाने पाडली. बॉम्बफेक्या विमानाची शिकार करणारा रात्री काय पाहतो आणि काय त्याच्या नजरेतून निसटते, याचे ज्ञान त्यांना येथे झाले. बॉम्बर कमांडच्या फार थोड्या वैमानिकांना ही दुसरी बाजू ठाऊक होती. याच सुमारास, २३ नोव्हेंबर, १९४० रोजी, वेल्समधील पेनार्थ येथे अभिनेत्री ईव्ह मूर हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

एप्रिल १९४२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांना विंग कमांडर करून १०६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुखपद देण्यात आले. ही स्क्वाड्रन त्या वेळी मँचेस्टर हे सदोष इंजिनांचे विमान वापरीत असे. लवकरच तिला चार इंजिनांची लँकेस्टर विमाने मिळाली. गिब्सन यांच्या हाताखाली १०६ ची गणना बॉम्बर कमांडच्या सर्वांत कार्यक्षम तुकड्यांत होऊ लागली. जानेवारी १९४३ मध्ये बर्लिनवरील एका हल्ल्याच्या वेळी बीबीसीचे वार्ताहर रिचर्ड डिम्बलबी त्यांच्याच विमानात होते. डिम्बलबी यांनी नंतर नभोवाणीवरून केलेले त्या रात्रीचे वर्णन ब्रिटनभर ऐकले गेले.

प्रमुख म्हणून गिब्सन यांच्याविषयीची मते एकसारखी नाहीत. बरोबरीच्या अधिकाऱ्यांत, विशेषतः भोजनगृहात, ते मोकळे व थट्टेखोर असत. सार्जंट दर्जाचे विमानकर्मी व जमिनीवरील तंत्रज्ञ यांना मात्र ते फटकळ व दूरस्थ वाटत. शिस्तभंग त्यांना खपत नसे. मागून त्यांना 'बालसम्राट' म्हणत. जवळून पाहिलेल्या बहुतेकांचे एका गोष्टीवर एकमत आहे: जी मोहीम अवघड, तिच्यावर ते स्वतः जात.

धरणांवरील हल्ला

जर्मनीच्या रुर खोऱ्यातील पोलादउद्योग पाणी व विजेसाठी मोठ्या धरणांवर अवलंबून होता. दगडी बांधकामाची ही धरणे नेहमीच्या बॉम्बने फुटणे शक्य नव्हते आणि टॉर्पेडो अडवण्यासाठी त्यांच्यापुढे पाण्यात जाळ्या सोडलेल्या होत्या. अभियंता बार्न्स वॉलिस यांनी यावर तोड काढली. पिंपाच्या आकाराचा सुमारे ४२०० किलो वजनाचा बॉम्ब विमानाखाली आडवा टांगायचा, सोडण्यापूर्वी त्याला मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या वेगाने उलट दिशेने फिरवायचे आणि अगदी कमी उंचीवरून टाकायचा. तो पाण्यावर टप्पे घेत जाळ्या ओलांडी, भिंतीला टेकून खाली बुडे आणि सुमारे नऊ मीटर खोलीवर फुटे. नदीच्या काठावरून चपटा खडा पाण्यावर भिरकावणाऱ्या मुलांना यातले अर्धे शास्त्र ठाऊक असतेच. उलट फिरकीमुळे बॉम्ब भिंतीपासून दूर न जाता तिला बिलगून खाली उतरे, हा उरलेला अर्धा भाग वॉलिस यांचा.

या एका कामासाठी मार्च १९४३ मध्ये स्कॅम्प्टन येथे नवी स्क्वाड्रन उभारण्यात आली आणि तिचे प्रमुखपद गिब्सन यांच्याकडे आले. त्या वेळी ते चोवीस वर्षांचे होते आणि त्यांचा १०६ मधील कार्यकाळ नुकताच संपला होता. लक्ष्य कोणते हे जवळजवळ शेवटपर्यंत वैमानिकांना सांगितले गेले नाही. सुमारे दोन महिने त्यांनी रात्री, जमिनीलगत उडण्याचा सराव केला. बॉम्ब टाकताना विमान पाण्यापासून नेमके ६० फूट, म्हणजे सुमारे १८ मीटर उंचीवर असणे आवश्यक होते. एवढ्या कमी उंचीवर नेहमीच्या उंचीमापकाचा भरवसा नव्हता. म्हणून विमानाच्या पोटाखाली दोन दिवे असे बसवले, की त्यांचे प्रकाशाचे ठिपके पाण्यावर एकमेकांना भिडले म्हणजे उंची बरोबर साधली असे समजावे.

१६ मेच्या रात्री १९ लँकेस्टर विमाने आणि १३३ माणसे निघाली. त्यांत ब्रिटिशांबरोबर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिका येथील विमानकर्मी होते. म्योने धरणावर पहिला बॉम्ब गिब्सन यांनी टाकला. तो भिंतीपर्यंत पोहोचला नाही. दुसरे विमान जॉन हॉपगुड यांचे. ते तोफांच्या माऱ्यात पेटले, त्याचा बॉम्ब भिंतीवरून पलीकडे जाऊन वीजगृहावर फुटला आणि विमान कोसळले. यानंतर तिसरे विमान, मिक मार्टिन यांचे, धरणाकडे झेपावले तेव्हा गिब्सन यांनी आपले विमान त्याच्या बाजूने नेले, जेणेकरून तोफांचे लक्ष विभागले जावे. पुढील विमानांच्या वेळीही त्यांनी हाच प्रकार केला. स्वतःचा बॉम्ब टाकून झाल्यावर त्यांना तेथे थांबण्याची तांत्रिक गरज फक्त आज्ञा देण्यापुरती होती, आणि ते काम गोळ्यांच्या टप्प्याबाहेरूनही करता आले असते. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात या कृत्याचा आवर्जून उल्लेख आहे.

पाचव्या विमानाच्या, डेव्हिड मॉल्टबी यांच्या, बॉम्बनंतर धरण फुटले. बॉम्ब शिल्लक असलेली विमाने घेऊन गिब्सन एडर धरणाकडे गेले. दरीत वसलेले ते धरण तोफांविना होते, पण तेथे शिरण्याची वाट फार बिकट होती. लेस नाइट यांच्या बॉम्बने तेही फुटले. मातीच्या भरावाचे झोर्पे धरण मात्र तगले. आठ विमाने परतली नाहीत. ५६ जण बेपत्ता झाले. त्यांपैकी तिघे युद्धकैदी म्हणून जिवंत असल्याचे नंतर कळले, ५३ जण ठार झाले होते. पुढचे काही दिवस गिब्सन यांनी कार्यालयात बसून या ५६ जणांच्या घरी पत्रे पाठवली.

पुराचे बळी

म्योनेच्या भिंतीला सुमारे ७६ मीटर रुंदीचे खिंडार पडले आणि पाण्याचा लोंढा रात्रीच्या अंधारात खालच्या खोऱ्यात शिरला. दोन्ही धरणांच्या पुरात मिळून सुमारे १६०० माणसे बुडाली. मृतांपैकी निम्म्याहून अधिक जर्मन नव्हते. नेहाइम या गावाजवळ नदीकाठच्या कुरणात सक्तीच्या मजुरांची छावणी होती आणि तीत मुख्यतः सोव्हिएत प्रदेशातून पकडून आणलेल्या स्त्रिया राहत. जर्मन युद्धयंत्रणेवर झालेल्या या घावाखाली सर्वाधिक सापडल्या त्या तिच्याच बंदिवान. नीडरेन्झेजवळच्या हिमेलफोर्टेन येथे जोसेफ बेर्केनकोफ हे पाद्री धोक्याची सूचना देण्यासाठी चर्चची घंटा वाजवीत राहिले. लोंढ्याने चर्चसह त्यांना नेले.

हल्ल्याच्या परिणामकारकतेविषयी इतिहासकारांत वाद आहे. वीज व पाणीपुरवठा काही काळ विस्कळीत झाला, शेते व पूल वाहून गेले, परंतु हजारो मजूर कामाला जुंपून जर्मनांनी म्योने धरण त्याच वर्षी शरद ऋतूत बांधून पूर्ण केले. ते मजूर अटलांटिक किनाऱ्याच्या तटबंदीसह अन्य कामांवरून काढून आणलेले होते, याकडे हल्ल्याचे समर्थक लक्ष वेधतात. दुरुस्ती चालू असताना धरणावर पुन्हा हल्ला का झाला नाही, असा प्रश्न जर्मनीचे युद्धसामग्री मंत्री अल्बर्ट श्पेअर यांनी आपल्या आठवणींत उपस्थित केला आहे. १९७७ मध्ये जिनीव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या उपसंधीने, नागरिकांची मोठी हानी होणार असेल तर धरणांवर हल्ला करण्यास मनाई केली. १९४३ मध्ये असा नियम नव्हता.

खुद्द गिब्सन यांनी आपल्या पुस्तकात या बळींचा विषय टाळलेला नाही. सामूहिक मृत्यूचे कर्ते होणे आपल्याला वा सहकाऱ्यांना आवडले नव्हते, अशा आशयाचे विचार त्यांनी मांडले आहेत. मात्र हा मजकूर दोन-चार वाक्यांचाच आहे आणि नेहाइमच्या छावणीची माहिती लिहिताना त्यांना असल्याचे दिसत नाही.

प्रसिद्धीचे वर्ष

हल्ल्याच्या छायाचित्रांनी ब्रिटिश वृत्तपत्रे भरून गेली. २२ जून, १९४३ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात गिब्सन यांच्यासह स्क्वाड्रनमधील ३४ जणांना सन्मानचिन्हे देण्यात आली. राजे सहावे जॉर्ज उत्तर आफ्रिकेत असल्याने ती राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते देण्यात आली. ऑगस्टमध्ये पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी क्वेबेक परिषदेला जाताना गिब्सन यांना सोबत नेले. तेथून कॅनडा व अमेरिकेचा व्याख्यानदौरा त्यांनी केला.

ते दौऱ्यावर असतानाच, सप्टेंबर १९४३ मध्ये, डोर्टमुंड-एम्स कालव्यावरील हल्ल्यात ६१७ चे नवे प्रमुख जॉर्ज होल्डन ठार झाले. त्यांच्या विमानात धरणांवरील हल्ल्यातले गिब्सन यांचे चार सहकारी होते: टेरम, स्पॅफर्ड, हचिसन आणि डीअरिंग. उरलेल्या दोघांपैकी विमान-अभियंता पुलफर्ड फेब्रुवारी १९४४ मध्ये, तर मागच्या मनोऱ्यावरील ट्रेव्हर-रोपर मार्च १९४४ अखेरच्या न्यूरेम्बर्ग हल्ल्यात मृत्युमुखी पडले. म्हणजे १९४४ च्या वसंतात त्या विमानातील सातांपैकी एकटे गिब्सन उरले होते.

वरिष्ठांना या नामवंत वैमानिकाचा जीव आता धोक्यात घालायचा नव्हता. हवाई मंत्रालयात अपघात-प्रतिबंध विभागाचे काम, मग अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण महाविद्यालयातील अभ्यासक्रम, असे त्यांचे दिवस गेले. याच काळात त्यांनी आत्मकथनपर पुस्तक लिहिले. फेब्रुवारी १९४४ मध्ये बीबीसीच्या 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' या कार्यक्रमात त्यांनी आपल्या आवडीच्या ध्वनिमुद्रिका सांगितल्या. त्यांत वाग्नर या जर्मन संगीतकाराची एक रचनाही होती. मॅकल्सफील्ड मतदारसंघातून हुजूर पक्षाचे भावी उमेदवार म्हणूनही त्यांची निवड झाली, परंतु काही महिन्यांतच त्यांनी ती सोडली. राजकारण, लेखन, भाषणे यांतले काहीही विमानाची जागा घेऊ शकले नाही. पुन्हा मोहिमेवर पाठवावे म्हणून ते वरिष्ठांच्या मागे लागले. कार्यालयीन नेमणुकीवर असतानाही त्यांनी अधूनमधून उड्डाणे केली.

शेवटची मोहीम

१९ सप्टेंबर, १९४४ रोजी म्योन्शनग्लाडबाख व त्याला लागून असलेले ऱ्हाइट या शहरांवर २२७ लँकेस्टर व १० मॉस्किटो विमानांचा हल्ला ठरला होता. गिब्सन त्या वेळी कॉनिंग्स्बी तळावर कर्मचारी-अधिकारी होते. या हल्ल्यात 'मास्टर बॉम्बर' म्हणून, म्हणजे लक्ष्यावर घिरट्या घालत इतर विमानांना रेडिओवरून सूचना देणारा नियंत्रक म्हणून, त्यांची नेमणूक झाली.

त्यांनी यासाठी वुडहॉल स्पा येथील ६२७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडून मॉस्किटो हे हलके, वेगवान, लाकडी बांधणीचे विमान घेतले. ठरवून दिलेले विमान त्यांनी ऐनवेळी बदलून मागितले. बदलून मिळालेल्या विमानाचा क्रमांक केबी २६७ होता. नॅव्हिगेटर वॉरविक बेलफास्टचे होते आणि त्यांच्या नावावर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस होता, पण मॉस्किटोवर काम करण्याची त्यांची सवय नव्हती. गिब्सन यांचाही या विमानावरील अनुभव तोकडाच होता. परतताना फ्रान्सवरून, आपल्या सैन्याच्या ताब्यातील भागावरून यावे असा सल्ला त्यांना देण्यात आला. गिब्सन यांना नेदरलँड्सवरून कमी उंचीने सरळ घरी येणे पसंत होते, असे त्यांच्याशी बोललेल्या सहकाऱ्याने नंतर सांगितले.

हल्ला नियोजनाप्रमाणे पार पडला नाही. खुणेचे रंगीत दिवे टाकण्यात गोंधळ झाला आणि एका गटाला आपले लक्ष्य सोडून दुसऱ्याच खुणेवर बॉम्ब टाकण्यास सांगावे लागले. रेडिओवर गिब्सन यांचा आवाज शेवटपर्यंत शांत होता. अडचणीत असल्याचा कोणताही संदेश त्यांच्याकडून आला नाही. रात्री साडेदहाच्या सुमारास स्टीनबर्गनच्या रहिवाशांनी कमी उंचीवरून येणाऱ्या विमानाचा आवाज ऐकला. इंजिन अडखळले आणि विमान गावाजवळ, साखर कारखान्यानजीकच्या शेतात कोसळून पेटले.

गाव त्या वेळी जर्मन ताब्यात होते. अवशेष इतके छिन्न झाले होते, की विमानात एकच माणूस होता असा प्रथम समज झाला. वॉरविक यांची ओळख त्यांच्या ओळखपट्टीवरून पटली. तिसरा हात सापडल्यावर दुसरा माणूसही होता हे ध्यानात आले आणि मोज्यावरील धुलाईच्या चिठ्ठीवरून 'गिब्सन' हे नाव कळले. ज्यांचा चेहरा वर्षभर वृत्तपत्रांत झळकत होता, त्यांची ओळख अखेर परटाच्या चिठ्ठीवरून पटावी, हे युद्धातल्या मृत्यूचे खरे रूप आहे. दोघांना गावातील कॅथलिक दफनभूमीत पुरण्यात आले.

मृत्यूच्या कारणाविषयी मते

विमान का कोसळले हे निश्चित सिद्ध झालेले नाही. पुढील शक्यता मांडल्या गेल्या आहेत. मॉस्किटोत एका टाकीतले इंधन संपले की हाताने कळ फिरवून दुसरी टाकी जोडावी लागे. या कळा नॅव्हिगेटरच्या बाजूला असत. सवय नसलेल्या दोघांकडून हे वेळेवर झाले नसावे, हे स्पष्टीकरण अडखळत्या इंजिनाच्या साक्षीशी जुळते आणि बहुतेक अभ्यासकांचा कल त्याकडे आहे. विमानविरोधी तोफांचा मारा अथवा जर्मन लढाऊ विमान ही आणखी दोन कारणे सुचवली गेली. आणखी एक मत २०११ मध्ये पुढे आले. त्या रात्री हल्ल्यात असलेल्या एका लँकेस्टरच्या मागच्या तोफचालकाने मृत्यूपूर्वी ध्वनिफितीवर नोंदवून ठेवले होते, की जर्मन विमान समजून आपण ज्यावर गोळ्या झाडल्या ते बहुधा गिब्सन यांचे मॉस्किटो होते. त्या माणसाला हे ओझे उरलेले आयुष्यभर वाहावे लागले. वेळ व ठिकाण यांचा मेळ बसत नसल्याने अनेकांनी हा निष्कर्ष अमान्य केला आहे.

पुस्तक व चित्रपट

गिब्सन यांचे 'एनिमी कोस्ट अहेड' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. युद्धकालीन तपासनिसांनी त्यातील काही भाग गाळला होता. मूळ संहिता २००३ मध्ये छापली गेली. बॉम्बर कमांडमधील जीवनाचे हे आतून लिहिलेले चित्रण आहे. मेलेल्या मित्रांची नावे त्यात एकामागून एक येत राहतात आणि लेखक त्यांच्यापाशी फार वेळ थांबत नाही. तारखा व तपशील मात्र पडताळूनच घ्यावे लागतात, कारण बरेचसे लेखन आठवणीवर विसंबून झालेले आहे.

पॉल ब्रिकहिल यांचे १९५१ चे 'द डॅम बस्टर्स' आणि गिब्सन यांचे पुस्तक यांवर आधारित याच नावाचा चित्रपट मे १९५५ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक मायकेल अँडरसन होते. रिचर्ड टॉड यांनी गिब्सन यांची, तर मायकेल रेडग्रेव्ह यांनी वॉलिस यांची भूमिका केली. ब्रिटनमधील दोन-तीन पिढ्यांना गिब्सन भेटले ते या चित्रपटातून. त्यातील गिब्सन संयत आणि सरळ आहेत. चिडणारे, एकाकी, थकलेले गिब्सन समोर येण्यास रिचर्ड मॉरिस यांच्या १९९४ च्या चरित्राची वाट पाहावी लागली.

गिब्सन यांच्या काळ्या लॅब्राडॉर कुत्र्याचे प्रकरण या स्मृतीतला एक अवघड भाग आहे. त्याचे नाव कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द होता आणि म्योने धरण फुटल्याचा सांकेतिक संदेश म्हणून तोच शब्द ठरवलेला होता. हल्ल्याच्या आदल्या संध्याकाळी हा कुत्रा मोटारीखाली सापडून मेला आणि त्याला स्कॅम्प्टन येथे पुरण्यात आले. चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवताना हा शब्द कधी गाळला जातो, कधी ठेवला जातो. २०२० मध्ये कुत्र्याच्या थडग्यावरील नाव असलेली शिळा काढून तेथे नाव नसलेली शिळा बसवण्यात आली. दोन्ही वेळा, ठेवताना आणि काढताना, वाद झाले.

स्मारके

बॉम्बर कमांडमध्ये सेवा केलेल्या सुमारे १,२५,००० विमानकर्मींपैकी ५५,५७३ मृत्युमुखी पडले. जर्मन शहरांवरील बॉम्बहल्ल्यांविषयी युद्धानंतर जी अस्वस्थता निर्माण झाली, तिच्यामुळे या दलाचे लंडनमधील स्मारक रखडले. ग्रीन पार्कमधील हे स्मारक जून २०१२ मध्ये उभे राहिले, तोपर्यंत वाचलेल्यांपैकी बहुतेक जण निवर्तले होते. गिब्सन यांना मात्र इतकी वाट पाहावी लागली नाही. एका नावाभोवती साठलेल्या प्रसिद्धीमुळे उरलेली हजारो नावे झाकोळली, ही तक्रार मृतांच्या नातलगांकडून ऐकू येत असे.

वुडहॉल स्पा येथे ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे स्मारक असून त्याचा आकार फुटलेल्या धरणाचा आहे. १९८७ मध्ये अनावरण झालेल्या या स्मारकावर स्क्वाड्रनच्या युद्धमृतांची नावे कोरली आहेत. पोर्थलेव्हनच्या युद्धस्मारकावर गिब्सन यांचे नाव आहे आणि गावातील एक रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो. लंडनमधील त्यांच्या एके काळच्या निवासस्थानावर निळा नामफलक आहे. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस लंडनच्या हेंडन भागातील शाही हवाई दलाच्या संग्रहालयात ठेवलेला आहे.

म्योने खोऱ्यातील स्मृती वेगळी आहे. हिमेलफोर्टेन येथे चर्चचा पाया जतन करून स्मृतिस्थळ केले आहे. नेहाइमच्या छावणीत बुडालेल्या परदेशी स्त्रियांची आठवण युद्धानंतर बराच काळ मागे पडली होती. अलीकडच्या दशकांत स्थानिक अभ्यासकांनी ती पुढे आणली आणि ब्रिटिश लेखनातही आता हल्ल्याच्या वर्णनात त्यांचा उल्लेख येतो.

स्टीनबर्गनमध्ये गिब्सन आणि वॉरविक यांच्या कबरी शेजारी-शेजारी आहेत. गावाने एका रस्त्याला गिब्सन यांचे आणि दुसऱ्याला वॉरविक यांचे नाव दिले आहे. ब्रिटनमधील लेखनात वॉरविक यांचे नाव बहुधा एखाद्या ओळीत उरकले जाते. स्टीनबर्गनमध्ये दोन्ही नावे जोडीनेच घेतली जातात.